पाऊल पडण्याआधी

माझे मामा नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले आणि त्यांनी आपल्या संध्याकाळी कबड्डीला देऊन टाकल्या. तरुणपणी ते डावा कोपरा सांभाळायचे. आता मुलींचा सराव घेतात. मी क्रीडा मानसशास्त्र शिकले आणि त्याच मुलींबरोबर काम करते. मैदान एक, मुली त्याच, तरी एका प्रश्नावर आमचं जुळत नाही. समोरची खेळाडू पुढच्या क्षणाला काय करणार हे आधीच ओळखणारी नजर शिकवता येते का? मामा म्हणतात, ती खेळता खेळता येते, शिकवून येत नाही. मी म्हणते, ती शिकवता येते आणि ती न शिकवणं हा मुलींवरचा अन्याय आहे. खालचा संवाद बऱ्याच संध्याकाळींच्या बोलण्यातून जोडून लिहिला आहे.

मी : सुरुवात जकार्तापासून करू, मामा. २४ ऑगस्ट २०१८. आशियाई क्रीडा स्पर्धेतला महिला कबड्डीचा अंतिम सामना. इराण २७, भारत २४. २०१० आणि २०१४ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं जिंकलेला आपला संघ हरला. आणि इराणच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

मामा : ते कसं विसरेन? आदल्याच दिवशी आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला होता. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत आली, तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण कधी बाहेर गेलं नव्हतं. दोन दिवसांत दोन्ही गेली. शैलजाताईंचा अभिमान वाटत होता आणि घशाखाली घास उतरत नव्हता.

मी : मग सांगा, त्यांनी तिकडे नेलं काय? इथली माती काही नेता येत नाही. लहानपणापासून अंगणात खेळलेला खेळ नेता येत नाही. भाषासुद्धा वेगळी. जे नेलं ते शिकवण्याजोगं होतं, म्हणून तर नेता आलं.

मामा : थांब. इराणच्या मुली काही कोऱ्या पाटीच्या नव्हत्या. २०१४ ला इंचॉनच्या अंतिम सामन्यात आपल्यासमोर त्याच उभ्या होत्या, ३१-२१ असा सामना गेला त्यांचा. तो देशच कुस्तीचा. अंगं तयार होती, झुंज तयार होती. आणि शैलजाताईंचं म्हणशील तर त्यांची स्वतःची नजर कुठे तयार झाली? इथल्या मैदानांवर, वर्षानुवर्षं मुलींना खेळवून. ती वर्षं तू मोजतच नाहीस.

मी : मोजते. पण ती त्यांची वर्षं होती, मामा. इराणच्या मुलींची नव्हेत. एका माणसाची वर्षं दुसऱ्याच्या कामी आली, यालाच तर शिकवणं म्हणतात.

यावर मामांनी उत्तर दिलं नाही, म्हणून मीच विषय जमिनीवर आणला. कारण नजर म्हणजे नक्की काय, हे ठरल्याशिवाय ती शिकवता येते की नाही हा वाद हवेतच राहतो.

मी : तुम्ही डाव्या कोपऱ्यात उभे असायचात तेव्हा बघायचात काय?

मामा : काय बघायचो नाही ते आधी सांगतो. रेडरचा, म्हणजे चढाई करणाऱ्याचा, हात बघायचो नाही. डोळे तर मुळीच नाही. चढाई ३० सेकंदांची, त्यातला बराच वेळ तो नुसता तुला फसवायचंच काम करत असतो. हात दाखवतो, मान टाकतो, खांदा झुकवतो. हे सगळं तो तुझ्यासाठी करतो, स्वतःसाठी नाही. स्वतःसाठी जे करतो ते कमरेत असतं. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांची पावणेचार मीटर, तिच्या पलीकडे मीटरभर अंतरावर बोनस रेषा. आता बोनस गुण घ्यायचा तर एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत पाहिजे. म्हणजे त्याआधी सगळा भार त्या मागच्या पायावर घ्यावाच लागतो. भार आला की कंबर खाली बसते, थोडीशीच, बोटभर. तेव्हा निघालो तर पडत्या पायाचा घोटा हातात. पाय पडलेला बघून निघालो तर हातात काही नाही आणि पाठीवर त्याचा हात.

मी : आणि कव्हरला काय दिसतं?

मामा : कव्हरला वेगळं दिसतं. त्याच्याकडे रेडरची पाठ येते कधी कधी. पाठ आली की पाय मागे फेकणार की वळून पळणार, हे टाचेवरून कळतं. टाच उचललेली असेल तर किक. चवडा बाहेर वळलेला असेल तर परतीची तयारी. साखळीतल्या जोडीदाराला तर डोळ्यांपेक्षा हात सांगतो. कोपरा निघणार असेल तर त्याचा पंजा आधी घट्ट होतो, तो तुझ्या पंज्यात कळतो. जोडीदार काय करणार हे ज्याला कळत नाही, त्याला समोरचा काय करणार ते कळून उपयोग काय?

मी : हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

मामा : कुणीच नाही. म्हणून तर म्हणतो, शिकवून येत नाही.

मी : पण आत्ता तुम्ही ते सांगितलंत. मोजक्या वाक्यांत सांगितलंत. जे सांगता येतं ते चाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही, म्हणून ते शिकवता येत नाही असं कसं ठरतं?

मामा : सांगणं आणि येणं यात फरक आहे.

मी : फरक आहे, मान्य. आणि त्या फरकावर जगभर काम झालंय. १९८७ साली पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रिकेट फलंदाज घेतले. मॅटिंगच्या खाली लाकडी पट्ट्या टाकल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल हे कुणालाच आधी कळू नये. दिसलं असं, की चेंडू वळल्यापासून साधारण ०.२ सेकंदांच्या आत एकालाही बॅट वळवता आली नाही. तुमच्या-माझ्यासारख्याला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच त्यांनाही लागला. म्हणजे मोठ्या खेळाडूचे डोळे किंवा नसा जास्त वेगवान असतात, हा आपला समज चुकीचा. त्याला आधी कळतं. त्याने चेंडू सुटण्याआधीचं काहीतरी वाचलेलं असतं.

मामा : हे मी मैदानावर रोज सांगतो. चपळ पोरी खूप असतात. चपळ पोर चुकीच्या बाजूला जास्त चपळाईने जाते.

मी : त्याच वर्षी ब्रूस ॲबरनेथी आणि डेव्हिड रसेल यांनी बॅडमिंटनवर प्रयोग केला. फटक्याची चित्रफीत वेगवेगळ्या क्षणी तोडायची आणि विचारायचं, फूल कुठे पडेल? मग शरीराचा एकेक भाग झाकायचा आणि पुन्हा विचारायचं. नवखे खेळाडू रॅकेटवरूनच अंदाज बांधत होते. तयार खेळाडू रॅकेटबरोबर हातही वाचत होते, आणि हात रॅकेटच्या आधी हलतो. सगळा खेळ त्या थोड्याशा ‘आधी’चा आहे. मी आपल्या मुलींसाठी हेच करते. सरावाची चढाई फोनवर घेते, रेडरचा भार पायावर येतो तिथे थांबवते आणि विचारते, आता काय? हळूहळू थांबवण्याची जागा आणखी अलीकडे आणते.

मामा : आणि मुली सतरंजीवर बसून ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ म्हणतात. तोंडाने. कबड्डीत तोंडाने पकड होते का?

हा आक्षेप मामांनी पहिल्यांदा घेतला तेव्हा मला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला नाही आणि आजही वाटत नाही. या विषयातला तो सर्वांत अवघड प्रश्न आहे. पडद्यावर बरोबर उत्तर देणारी मुलगी मॅटवर बरोबर हलेलच याची खात्री नसते. उत्तर बोलून देणं आणि अंगाने देणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. कबड्डीत तर जास्तच, कारण इथे अंदाज चुकला तर चेंडू सुटत नाही, आपण स्वतः बाद होऊन मैदानाबाहेर जातो.

मी : म्हणून मी फोन कोपऱ्यात, उभ्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवते. टीव्हीवरचे सामने त्यासाठी निरुपयोगी. मुली पुणेरी पलटणचे सामने बघतात, नाशिकचा आकाश शिंदे हांगझोच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता म्हणून त्याच्या चढाया पुन्हा पुन्हा बघतात. बघू देत, आनंद आहे. पण तो कॅमेरा उंचावर, बाजूला असतो. कोपऱ्यातल्या मुलीला मॅटवर तसं कधीच दिसत नाही. तिला रेडर समोरून, अंगावर येताना दिसते.

मामा : हे मात्र बरोबर बोललीस. बिटको चौकात नवा रिक्षावाला बसच्या सिग्नलकडे बघतो, मुरलेला बसच्या पुढच्या चाकाकडे बघतो. पण चाक बघायला आधी रस्त्यावर असावं लागतं, बाल्कनीत उभं राहून नाही. अंगाचं मात्र तू टाळलंस. अंगाचं बोल.

मी : टाळत नाही. उलट तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देते. २००८ साली रोममध्ये साल्वातोरे अग्लिओटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर प्रयोग केला. चित्रफीत मध्येच तोडायची आणि विचारायचं, चेंडू जाळीत जाणार की नाही? एका गटात खेळाडू. दुसऱ्यात प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकार, म्हणजे आयुष्यभर खेळ बघितलेली माणसं. तिसऱ्यात नवखे. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत अचूक ओळखलं ते खेळाडूंनी. चेंडू हातातून सुटण्याआधी, नुसत्या अंगाच्या हालचालीवरून. त्यांच्या मेंदूचा हाताच्या स्नायूंशी जोडलेला भागही तपासला. फेक चुकणार असेल तर खेळाडूंच्या बाबतीत तिथे वेगळा प्रतिसाद दिसायचा. बघणाऱ्यांमध्ये तो फरक दिसला नाही.

मामा : म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः केली, त्यालाच ती दुसऱ्याच्या अंगात दिसते.

मी : हो.

मामा : मग माझंच खरं झालं की.

मी : अर्धं खरं झालं. कारण आता मी तुम्हाला विचारते, आपल्याकडे कोपऱ्यात कुणाला उभं करतात? जी मुलगी अंगाने भरलेली, पळायला थोडी जड, तिला पहिल्याच महिन्यात सांगतात, तू पकडीची. त्यानंतर तिला चढाईला कुणी पाठवत नाही. तिने आयुष्यात बोनस घेतलेला नसतो. पायावर भार कसा येतो, कंबर का बसते, दम कमी पडला की पाय कसा आखूड पडतो, हे तिच्या अंगाला माहीतच नाही. आणि आपण म्हणतो, हिला नजर नाही.

मामा : आमच्या वेळी असं नव्हतं. सगळे सगळं खेळायचे. गल्लीत कोण रेडर आणि कोण कव्हर? दम धरेल तो जाईल.

मी : म्हणून तुम्हाला नजर ‘आली’. ती आकाशातून आली नाही. तुमच्या लहानपणाने शिकवली. फक्त शिकवणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं.

मला जे म्हणायचंय ते सगळं इथे आहे. नजर ही देणगी मानली की जिच्याकडे ती दिसत नाही तिला आपण सोडून देतो. सरावात शेवटी उभी करतो, सामन्यात बाकावर बसवतो, आणि काही महिन्यांनी ती यायची बंद होते. जेल रोडच्या, देवळाली गावाच्या, एकलहऱ्याच्या मुली आठवी-नववीत पहिल्यांदा मैदानावर येतात. दहावीला सराव तुटतो, बारावीला पुन्हा तुटतो. त्यानंतर घरात दुसरे विषय सुरू होतात. मुलग्याला खेळ पाचव्या-सहाव्या वर्षापासून गल्लीत मिळतो, तोही काळोख पडेपर्यंत. त्याची नजर फुकटात तयार होते. मुलीला ती वर्षं मिळालेलीच नसतात. ती दहा वर्षांचं काम दोन वर्षांत करायला आलेली असते. ‘खेळता खेळता येईल’ असं तिला सांगणं म्हणजे ‘तुला येणार नाही’ असंच सांगणं.

हे मी मामांना असंच्या असं ऐकवलं. त्यांनी ते नाकारलं नाही. पण त्यांची भीती वेगळी निघाली.

मामा : मुलींकडे वेळ कमी आहे, हे मला तुझ्याआधी दिसतं. मीच त्यांच्या घरी जाऊन बापांशी बोलतो. पण घाईत काय होतं ते ऐक. तू सांगतेस, कंबर बसली की निघ. पोर ते पाठ करते. मग समोरची रेडर हुशार निघते, मुद्दाम कंबर बसवते आणि जागेवर राहते. आपली पोर झेपावते, उघडी पडते, रेडर टिपून निघून जाते. एकदा झालं, दोनदा झालं की पोर घाबरते आणि मग खऱ्या वेळीही हलत नाही. अर्धवट नजर ही नसलेल्या नजरेपेक्षा वाईट. जिला काही कळत नाही ती निदान थांबते तरी.

मी : याचाही अभ्यास आहे. २००६ मध्ये रॉबिन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी रग्बीतल्या हुलीवर काम केलं. धावणारा एका बाजूला जाण्याचा आव आणून दुसरीकडे वळतो. नवखे त्याला जास्त फसले, तयार खेळाडू कमी फसले. म्हणजे हूल ओळखणं हीसुद्धा नजरच आहे, तिची पुढची पायरी. पहिली पायरी शिकवू नका असं त्यातून निघत नाही. तिथेच थांबू नका असं निघतं.

मामा : पुढची पायरी कशी शिकवशील? फोनवर?

मी : फोनवर थोडी, कारण खरी आणि खोटी हालचाल शेजारी-शेजारी लावून दाखवता येते. पण जास्त करून तुमच्याच पद्धतीने. ते हात मागे बांधून उभं करायचं.

ही मामांची जुनी पद्धत आहे आणि ती मला फार आवडते. कोपऱ्यातल्या मुलीने दोन्ही हात पाठीमागे धरायचे. पकडायला परवानगीच नाही. समोरची रेडर कधी खरा बोनस घेते, कधी नुसती हूल देते. कोपऱ्यातल्या मुलीने फक्त एक पाऊल टाकायचं, तेही खरा बोनस असेल तेव्हाच. हात बांधलेले असल्यामुळे झेपावण्याचा मोह संपतो आणि बघणं उरतं. थोड्या वेळाने दोघींनी जागा बदलायच्या. हूल देणारी आता हूल ओळखायला उभी राहते. मामा हे अग्लिओटी किंवा जॅक्सन यांचं नावही ऐकण्याच्या खूप आधीपासून करत आलेत, आणि त्या दोघांच्या निष्कर्षांशी ते इतकं जुळतं की मला पहिल्यांदा बघताना अंगावर काटा आला होता.

मामा : मग तुझ्या अभ्यासाची गरज काय उरली?

मी : तुम्ही ते नाशिक रोडच्या एका मैदानावर करता. तुमच्यानंतर ते कोण करणार? ते का चालतं हे कळलं तर दुसरा कुणी ते सिन्नरला, इगतपुरीला, सुरगाण्याला करू शकेल. खो-खोसाठी बदलून घेऊ शकेल.

मामा : खो-खोला तर याची सगळ्यात जास्त गरज. पळती करणाऱ्याला पाठीत डोळे लागतात.

मी : आणि खो-खोचा नियमच त्याला मदत करतो. खो मिळून उठलेल्या खेळाडूने एकदा खांदे वळवून दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. म्हणजे पळणाऱ्याने खांदा वाचला की पुढची दिशा पक्की. मग २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो आलं आणि त्यात ‘वजीर’ आला, तो कुठल्याही दिशेला धावू शकतो. एका नियमाने पळणाऱ्याच्या हातातली खूणच काढून घेतली. वजीर मागे असला की त्याला खांदा पुरत नाही, पाय वाचावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. त्या पिढीला वाचायला शिकवलं कुणी? तुमच्यासारख्यांनीच. लिहून मात्र कुणी ठेवलं नाही.

मामा : लिहून ठेवण्याचं म्हणशील तर आता टॅबवर सगळं लिहिलेलं असतं. कुठली रेडर किती वेळा उजव्या हाताने टिपते, तिसऱ्या चढाईला काय करते. टक्केवारी. ती बघून पोरी मैदानात उतरतात.

मी : त्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. समोरच्याच्या सवयी आधी सांगितल्या तर काय होतं, हे २०१४ मध्ये हँडबॉलच्या पेनल्टीवर तपासलं गेलं. फेकणारा सवयीप्रमाणे वागला तर अंदाज सुधारतो. सवयीविरुद्ध वागला तर अंदाज उलट बिघडतो, कारण आपण समोरचं अंग बघणं सोडून डोक्यातली टक्केवारी बघत बसतो. आणि मोठ्या सामन्यात कसलेली रेडर सवय मोडतेच.

मामा : सवयीचा कागद मी सामन्याच्या आदल्या रात्री वाचतो. पोरींना देत नाही.

मी : एखादी गोष्ट देता, मला माहीत आहे.

मामा : एक देतो. ती दम कसा घेते ते. तुमच्या अभ्यासात कान येतो का गं कुठे? रेडर ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत असते ना, झेप घ्यायच्या आधी तो आवाज बदलतो. काहींचा अडकतो, काहींचा एकदम भराभर होतो. पोटातून जोर काढायचा तर श्वास धरावा लागतो, आणि श्वास धरला की शब्द तुटतो. मातीच्या मैदानावर, शांत दुपारी, मी डोळे मिटूनही सांगू शकायचो की आता निघतोय. आता मॅटवर भोंगे लावतात, गाणी लावतात. तो आवाज ऐकूच येत नाही.

मला वाटतं, या सगळ्या वादातून हाती लागलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. टेनिस, बॅडमिंटन, क्रिकेट, फुटबॉल यांत खेळाडूवर बोलत राहण्याची सक्ती नसते. कबड्डीत नियमानेच त्याला सतत बोलावं लागतं. चढाई करणारा प्रत्येक क्षणी आपल्या श्वासाची खबर समोरच्या सात जणांना देत असतो. अशी खूण दुसऱ्या कुठल्या खेळात आहे? ती तपासायला प्रयोगशाळा नको. फोनचा माईक पुरेसा आहे. आवाजासह आणि आवाजाशिवाय तीच चढाई दाखवायची आणि फरक बघायचा. हा प्रश्न रोममध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत बसून कुणाला सुचणार नाही. तो शिखरेवाडीच्या मैदानावरच सुचू शकतो, कारण तो कान इथेच तयार झाला आहे. आणि तो कान असलेली माणसं आता सत्तरीकडे झुकली आहेत.

मी : हे तुम्ही मुलींना सांगता का, की आवाज तुटला की निघ?

मामा : नाही सांगत. सांगितलं की त्या ऐकत बसतात. ऐकत बसलेली पोर उशिरा निघते. मी फक्त डोळ्यांवर ओढणी बांधून उभं करतो, रेडरला सावकाश दम घ्यायला लावतो आणि म्हणतो, हलावंसं वाटेल तेव्हा हल. काय ऐकायचं ते सांगत नाही.

मी : इथे आपलं खरं भांडण आहे, मामा. तुम्ही खूण सांगत नाही. मी सांगते.

मामा : आणि तुझा अभ्यास काय म्हणतो?

मी : २००२ मध्ये डेमियन फॅरो आणि ॲबरनेथी यांनी टेनिसच्या सर्व्हिसवर असा प्रयोग केला होता. एका गटाला नियम शिकवले, की हात असा आला तर चेंडू तिकडे. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, फक्त सर्व्हिसचा वेग ओळखायला लावला, म्हणजे नजर तिथे राहील पण डोक्यात नियम तयार होणार नाही. काही आठवड्यांनी दुसरा गट जास्त सुधारला.

मामा : बघ.

मी : पुढचं ऐका. सराव थांबवून महिना गेल्यावर ती सुधारणा टिकली नाही. आपल्या मुलींचा सराव परीक्षेसाठी महिनोन्‌महिने तुटतो. न सांगता आलेलं असं निसटून जाणार असेल, तर परत आल्यावर त्यांच्या हातात काय उरतं? निदान शब्द तरी उरावेत, ज्यांच्यावरून पुन्हा सुरुवात करता येईल.

मामा : शब्द डोक्यात राहतील. कबड्डी डोक्यात नसते.

मी : मग तपासू. मुली दोन गटांत वाटू. दोन्ही गट चढाई करतील, पकडही करतील. दोन्ही गट हात मागे बांधून उभे राहतील. फरक एवढाच, की एका गटाला मी खूण सांगेन आणि त्या मोठ्याने ओळखून दाखवतील. दुसऱ्या गटाला तुम्ही काहीच सांगायचं नाही.

मामा : आधी तू म्हणत होतीस, एका गटाला नुसता फोन आणि एका गटाला चढाई. ते मी होऊ देणार नव्हतो. प्रयोगासाठी कुठल्या पोरीची चढाई थांबवायची नाही.

मी : थांबवणार नाही.

मामा : आणि परीक्षा तुझ्या फोनवर नको. आपल्याच पोरींशीही नको, त्या एकमेकींना ओळखतात. बाहेरच्या संघातली रेडर आणायची, आपल्या पोरींनी कधी न बघितलेली. तिला मी आधी भेटणार, तिला सांगणार की मनात येईल तेव्हा हूल दे.

मी : चालेल. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी एकदा आणि सुट्टीनंतर लगेच एकदा. मधल्या काळात सराव नाही, तो तसाही नसतो.

मामा : दुसऱ्या वेळी वेगळी रेडर. डावखुरी. आणि भोंगा बंद.